घरातलं काढा, बोअरचं राहू द्या

डोक्याला शाम्पू लावला आणि नळ कोरडा पडला.

बादलीतही थेंब नव्हता. अकरा वाजता एका नव्या फर्ममध्ये माझा पहिला दिवस होता. मी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि चार मजले उतरून खाली आले, कुणावर तरी ओरडायला.

खाली बोअरपाशी एक तरुण उकिडवा बसला होता. निळा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. एक कान लोखंडी पाइपाला लावलेला आणि डोळे मिटलेले.

"पाणी कधी येणार?" मी विचारलं.

त्यानं डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवलं. "जरा थांबा मॅडम. ऐकतोय."

"काय ऐकताय?"

"खाली पाणी हाय का नाय ते." मग त्यानं डोळे उघडले. टॉवेलकडं पाहिलं, कपाळावरून ओघळणाऱ्या फेसाकडं पाहिलं... आणि हसू दाबत परत पाइपाकडं वळला. "हाय. पण लई खाली गेलंय. मोटर अजून दोन पाइप खाली सोडावी लागंल. तवर माझ्यापाशी वीस लिटरचा कॅन हाय, तो घ्या."

कॅन त्यानंच चौथ्या मजल्यापर्यंत आणून दिला. दारात ठेवला, आणि आभार ऐकायला न थांबता खाली गेला.

ते २०१६ साल होतं, मार्चचा महिना. आमचं मराठवाड्यातलं शहर बीड बायपासच्या पलीकडं भराभर वाढत होतं. शहराला चिकटलेल्या आमच्या सातारा परिसरात रोज एक नवी बिल्डिंग उभी राहायची, पण महापालिकेची पाइपलाइन बायपासच्या अलीकडंच थांबलेली. त्यात पाऊस सलग दगा देत आलेला. सगळी मदार टँकरवर आणि बोअरवर.

माझं काम सॉफ्टवेअर शिकवायचं. कंपनी पुण्याची, मराठवाड्यात मी एकटीच. ग्राहक कोण, त्याला काय विकलं, शेवटचं बोलणं कधी झालं, पुढचं कधी करायचं, हे सगळं एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर. धंद्यात त्याला सीआरएम म्हणतात. ही नवी फर्म होती काकासाहेबांची. जालना रोडवर मोटर-पंपांची विक्री आणि दुरुस्ती. दुष्काळात त्यांचा फोन एक मिनिट थांबत नव्हता. कुणाला परत फोन करायचा राहून जायचा, तर कुणाकडं दोन-दोन माणसं जाऊन यायची. म्हणून त्यांनी सॉफ्टवेअर घेतलं होतं. सहा महिने झाले, कुणी उघडलं नव्हतं.

मी ओल्या केसांनी शिकवायला उभी राहिले. समोर सहाजण, आणि शेवटच्या खुर्चीत तोच निळा शर्ट.

"हा माऊली निकम," काकासाहेब म्हणाले. "कन्नडकडचा. चारशे गिऱ्हाइकं याच्या एकट्याच्या डोक्यात आहेत. ती बाहेर काढा, तुमचं काम झालं."

सगळे हसले. माऊली हसला नाही.

मी पडद्यावर फॉर्म दाखवला. प्रत्येक ग्राहकासाठी बावीस रकाने. जन्मतारीखसुद्धा. माऊलीनं हात वर केला.

"मॅडम, ज्याच्या घरी चार दिवस पाणी नाय, त्याला जन्मतारीख कोण इचारणार?"

मी पुढचा रकाना दाखवला. जेवणाच्या सुट्टीत तो शेजारून जाता जाता हळूच म्हणाला, "केस वाळले का?"

आठवडा गेला. बाकीच्या पाचजणांनी थोडंफार भरलं. माऊलीच्या नावापुढं शून्य. शेवटी मी त्याला एकटं गाठलं.

"तुम्हाला येत नाही, असं नाही. तुम्हाला भरायचंच नाही. का?"

तो बराच वेळ हातातला पाना पुसत राहिला. "बीएस्सी झालोय मी, मॅडम. नोकरी नाय मिळाली तवा पाना धरला. माझ्यापाशी हाय ते एवढंच... कुणाचा बोअर किती खोल, कुणाची मोटर कुठं अडकते. हे समदं त्या डब्यात गेल्यावर माझं काय काम?"

"असं होत नाही," मी म्हणाले. "माहिती नीट असली की माणूस उलट मोठा होतो. माझा शब्द."

"शब्द देऊ नका. उद्या माझ्यासंगं चला. आधी बघा तरी, आमी काय करतो."

दुसऱ्या दिवशी तो बाइकवर पुढं, मी स्कूटीवर मागं. प्रत्येक वळणावर तो आरशात बघायचा, मी येतेय ना म्हणून. तिसऱ्या वळणानंतर मी मुद्दाम थोडी मागं राहू लागले... त्यानं परत बघावं म्हणून.

सिडकोत सारजाबाईंचं मुलींचं वसतिगृह होतं. तीस मुली. वाटेत माऊली एका रसवंतीपाशी थांबला.

"घाई नाही का?" मी विचारलं.

"हाय. पण दहाच्या आधी सारजाबाईंकडं जायचं नाय. तवर त्या टँकरपाशी उभ्या असतात, डोकं तापलेलं असतं. सव्वादहाला गेलं की चहा मिळतो आन् खरं काय ते कळतं."

खरंच चहा मिळाला. आणि कळलं, की मोटर बिघडलीच नव्हती. मुली पहाटे कुणाला न सांगता ती चालू करायच्या, म्हणून बोअर दुपारी रिकामा.

त्या आठवड्यात मी चौदा घरं पाहिली आणि परत येऊन माझा फॉर्म मोडला. बावीसचे पाच रकाने केले: बोअर आणि मोटरची माहिती, तक्रार ग्राहकाच्याच शब्दांत, भेटायची बरी वेळ, काय केलं, आणि पुढं कधी बोलायचं. शेवटचा भरल्याशिवाय नोंद बंदच होणार नाही. नोंद करायची ती ग्राहकाच्या दारातच, मोबाइलवर; संध्याकाळी ऑफिसात आठवून नाही. एकाच माणसाच्या तीन-तीन नावांनी झालेल्या नोंदी एकत्र केल्या. वर्षानुवर्षं मी हे लोकांना शिकवत होते, पण त्याचा अर्थ मला त्या चौदा घरांत कळला.

"आता बरं झालंय," माऊली म्हणाला. तरी भरलं काही नाही.

मे महिन्यात त्याला कावीळ झाली.

मुकुंदवाडीतल्या खोलीत तो पडून होता. गावाहून त्याची आई, लक्ष्मीबाई, आली होती. इकडं ऑफिसात गोंधळ. सारजाबाईंची मोटर खरोखरच बंद पडली. दुसरा माणूस गेला, पण मोटर किती खाली आहे, मागच्या खेपेला कुठला पाइप बदलला, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मोटर वर काढताना मधेच अडकली. विद्यापीठाच्या परीक्षा चालू होत्या आणि तीस मुली दोन दिवस बिनपाण्याच्या.

तिसऱ्या सकाळी मला माऊलीचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "मॅडम, तुमचा तो लॅपटॉप घेऊन या. सांगतो समदं."

आठ दुपारी मी त्या खोलीत बसले. वर पंखा कुरकुरायचा, लक्ष्मीबाई उसाचा रस गाळायच्या, आणि माऊली छताकडं बघत सांगत जायचा. एक-एक घर, सगळं तोंडपाठ. "सिडकोत एन-सात सेक्टर, कोपऱ्यावरचं घर. बोअर दोनशे ऐंशी फूट. काका एकटेच राहतात, पोरगा अमेरिकेत. तक्रार काय नसते, बोलायला बोलावतात. दहा मिनिटं बसायचं." किंवा, "ह्या घरी वहिनीशीच बोलायचं. भाऊ पितो. आल्या माणसासमोर तिला लाज वाटते, म्हणून दारातनंच इचारायचं."

मी टाइप करत होते आणि मधेच माझी बोटं थांबत होती. या माणसाच्या डोक्यात चारशे बोअर नव्हते, चारशे घरं होती. मला तो आवडतो हे मला कोणत्या दिवशी कळलं, ते नक्की सांगता येत नाही. पाचव्या दिवशी असावं. त्या दिवशी तो म्हणाला, "आता लिहा, मधुसूदन चौसाळकर."

"हे माझे बाबा."

"ठाऊक हाय. बोअर तीनशे वीस. सोसायटीचे सेक्रेटरी. माणूस शिस्तीचा."

"आणखी काही?"

"एक पोरगी हाय. टाकी न बघता डोक्याला शाम्पू लावते."

"हेही लिहू?"

तो छताकडंच बघत होता. "नको... ते माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या."

लक्ष्मीबाईंनी रसाचा पेला माझ्या हातात दिला आणि उगाचच बाहेर जाऊन बसल्या.

नोंदी पुऱ्या झाल्या. सारजाबाईंची मोटर तर पहिल्याच दिवशी निघाली होती, दुसऱ्याच माणसाच्या हातून, माऊलीनं सांगितलेल्या खुणांवरून. काकासाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुशीत होते.

"काम झालं बघा. आता कुणीही जाऊ शकतं. माऊलीला मी गोडाऊनला बसवणार. लोक फर्मचं नाव सोडून त्याचं नाव घेतात, ते मला चालत नाही. दोन नवे लोक घेतो, त्यांना ही माहिती देतो. कुणाचा मुलगा अमेरिकेत, कुणाचा नवरा पितो... विक्रीला किती उपयोगाचं आहे हे."

मी म्हणाले, "तो आजारी असताना त्यानं हे सांगितलंय. मुली पाण्यावाचून होत्या म्हणून."

"त्याचे उपकार आहेतच. गोडाऊनचं काम काय वाईट आहे का?"

मी तिथून सरळ मुकुंदवाडीला गेले. माऊली खाटेवर उठून बसला होता. डोळ्यांतला पिवळेपणा ओसरत आला होता. मी काही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

त्यानं अंगावरची चादर घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "तुमी म्हणला व्हता, असं व्हत नाय."

"म्हणाले होते."

"मला वाटलंच व्हतं."

"मग सांगितलंत कशाला?"

"तिथं पोरी बिनपाण्याच्या बसल्यात आन् मी इथं डोक्यात फूट मोजत पडू?" त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ पाहिलं. "एक करा मॅडम. घरातलं काढा, बोअरचं राहू द्या. पाणी कुणाच्याबी हातानं मिळू दे. पण त्या वहिनीचं दुःख... ते मला सांगितलं व्हतं. फर्मला नाय."

त्या दुपारी आम्ही दोघांनी चारशे नोंदी परत वाचल्या. फूट, पाइप, मोटर, वेळ ठेवली. अमेरिका, दारू, आजारपणं, रुसवे पुसून टाकले. संध्याकाळी मी काकासाहेबांना स्वतः जाऊन सांगितलं, काय काढलं आणि का. ग्राहकाच्या समोर वाचता येणार नाही ते त्याच्या नोंदीत लिहायचं नसतं, हे मीच त्यांना पहिल्या दिवशी शिकवायला हवं होतं. त्यांनी पुण्याला तक्रार केली. मला पुण्यात मोठं पद मिळणार होतं, ते गेलं. त्याचं मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वाईट वाटलं.

माऊलीनं जूनमध्ये नोकरी सोडली, कन्नडला स्वतःचं दुकान टाकायला. जाताना मला म्हणाला, "येतो मॅडम." एवढंच. पुढं फोन नाही. मीही केला नाही. कोणत्या तोंडानं करणार? शब्द मी दिला होता.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. सप्टेंबरमध्ये आमची मोटर बंद पडली आणि काकासाहेबांचा नवा माणूस आला. बाबा त्याच्यापाशी उभे होते. वर येऊन म्हणाले, "वीस मिनिटांत करून गेला. पाइप किती, मोटर कुठली, सगळं ठाऊक होतं त्याला." मग चष्मा पुसत म्हणाले, "पण तो माऊली यायचा ना, तो जाताना विचारायचा... काका, गुडघा कसा आहे?"

मला एकदम भरून आलं. बाबांनी चष्मा लावला, माझ्याकडं नीट पाहिलं. मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. आम्ही चौसाळकर, तो निकम. आमचं घर हे, त्याचं गाव ते. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मला दिसत होतं.

"विचारतेयस की सांगतेयस?" ते शेवटी म्हणाले.

"सांगतेय."

ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. "कन्नडहून परतीची बस कितीला आहे ते आधी बघून जा," एवढंच म्हणाले.

कन्नडला त्या दिवशी बाजार होता. एसटीतून उतरले तर रस्ताभर मिरच्यांचे, कांद्यांचे ढीग, आणि पिठाच्या गिरणीचा आवाज. गिरणीला लागूनच माऊलीचं दुकान. पत्र्याचं शटर, आत चार मोटरी उघडून ठेवलेल्या. हात तेलानं माखलेले, तो वाकून काम करत होता. मान वर केली आणि तसाच थांबला.

"बोअर बंद पडला?" त्यानं विचारलं.

"नाही. चालू आहे." मी उभीच होते. बसमध्ये जुळवलेली वाक्यं सगळी विसरले होते. "मी शब्द दिला होता. तो खोटा ठरला. ते सांगायचं राहिलं होतं."

"शब्द तुमचा व्हता. मोडला दुसऱ्यानं. मी त्याच दिवशी सोडून दिलं ते."

"मग फोन का नाही केलात?"

"काय म्हणून करू? गिऱ्हाईक म्हणून?... तुमी तिकडं, मी इथं पत्र्याखाली. आपणहून कधी तुमाला इचारावंसं वाटलं, तर हात बघायचो आपले."

मी त्याच्या हातांकडं पाहिलं. काळे, नखांत ग्रीस. मग म्हणाले, "मला तुझ्याशी लग्न करायचंय."

नेमकी गिरणी जोरात धडधडली. त्यानं ऐकलं की नाही, मला कळेना. तो हळूहळू उठला, कोपऱ्यातल्या बादलीतल्या पाण्यानं साबण लावून हात धुतले. एकदा, मग परत एकदा. शेजारच्याला गिरणी घटकाभर बंद करायला सांगितली. स्टूल पुसून माझ्यापुढं ठेवलं. समोरच्या टपरीवरून दोन चहा मागवले. हे सगळं करताना त्यानं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही, पण कान लाल झाले होते.

मग समोर पायरीवर बसला. गिरणी थांबली होती. बाजाराचा आवाज लांबून येत होता.

"आधी चहा घे," तो म्हणाला. "आन् मग एकदा परत म्हण. मला नीट ऐकायचंय."

मी चहा घेतला, सगळा, शेवटच्या घोटापर्यंत. पेला खाली ठेवला, आणि परत म्हणाले.