दगड क्रमांक सदतीस

मसुदा पहिला
लेखक : डॉ. भिकाजी गावस

"आणि मी?" शाल्मलीने पडद्याकडे बोट दाखवलं. "दगडफूल घाटात परत आलंय, हे आधी कुणी पाहिलं, आजोबा?"

आंबोलीच्या घाटातून धूर सोडणाऱ्या गाड्या बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती. दगडफूल (मसाल्यात घालतो तेच, बुरशी आणि शेवाळ एकत्र नांदतात, त्यातून ते तयार होतं) खराब हवेत तग धरत नाही. ते रस्त्याकडेच्या दगडांवर पुन्हा दिसलं, तेव्हा शाल्मलीने वर्षभर साठ दगडांवर त्याची वाढ मोजली. आजोबांनी त्यावर शोधनिबंध (नवं काय सापडलं आणि कसं, ते सांगणारा लेख) लिहायला घेतला. आता प्रश्न एवढाच : नाव कुणाचं?

मसुदा दुसरा
लेखक : शाल्मली गावस, टिपणीस, डॉ. भिकाजी गावस, सुलभाकाकू

टिपणीस हा घरातला यंत्रमानव. "आकडेमोड सगळी माझी," तो म्हणाला. "पहिलं नाव माझं हवं."

"गप रे, डबड्या! दगडावर चढलं कोण?"

"आणि शिडी कुणी धरली?" स्वयंपाकघरातून सुलभाकाकू ओरडल्या.

आजोबा हसले. "निबंध छापून आला आणि कुणी विचारलं, हा आकडा खरा कशावरून? तर उत्तर कोण देणार? जो देईल तो लेखक. श्रेय घ्यायचं तर जबाबदारीही घ्यायची."

टिपणीसचे दिवे मंदावले. "मला जे आकडे दिले, त्यांची मी आकडेमोड केली. खरेखोटे मला ठाऊक नाहीत."

"मला बाई शिडीचंच विचारा," काकू म्हणाल्या.

मसुदा तिसरा
लेखक : डॉ. भिकाजी गावस, शाल्मली गावस
ऋणनिर्देश (मदत करणाऱ्यांचे आभार) : सुलभा परब
आकडेमोड : टिपणीस यंत्रमानव

"आता तू, शाल्मली. दगड क्रमांक सदतीस. बाकी सगळीकडे वाढ चार मिलिमीटर, इथे नऊ! कशावरून?"

हाच आकडा आजोबांनी निबंधाच्या पहिल्या ओळीत मिरवला होता.

शाल्मलीने पडद्याकडे पाहिलं. नाव तर समोरच झळकत होतं. बोललं तर ते जाईल.

"चुकीचा आहे," ती शेवटी म्हणाली. "त्या दिवशी दगड ओला होता. दगडफूल पाणी पिऊन फुगतं. काल सुकल्यावर पुन्हा मोजलं. चारच भरलं."

"नोंदवहीत 'ओलं की कोरडं' असा रकानाच नव्हता," टिपणीस पुटपुटला.

आजोबांनी पहिली ओळ खोडली. मग नावांकडे वळले. शाल्मलीने डोळे मिटून घेतले.

मसुदा चौथा
लेखक : शाल्मली गावस, डॉ. भिकाजी गावस

"अहो आजोबा, पण चूक माझी होती!"

"आणि ती शोधली कुणी? मी नाही, या डबड्यानेही नाही. पुन्हा घाट चढून तू गेलीस. ज्याचं काम सर्वांत जास्त, त्याचं नाव आधी."

दोन अनोळखी तज्ज्ञांनी निबंध तपासला, मग तो छापून आला. आठ महिन्यांनी टिपणीस दणदण धावत आला. चिलीच्या डोंगरांतल्या संशोधकांचा नवा निबंध त्याच्या पडद्यावर होता. त्यात एक संदर्भ होता (कुणाच्या कामाच्या आधारे आपण पुढे गेलो, ते नाव घेऊन सांगणं) :

'ओलं दगडफूल फुगतं, म्हणून सर्व मापं सुकल्यावर घेतली (गावस आणि गावस).'

आजोबांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग काकूंना बोलावून परत वाचलं.

"यातला पहिला गावस कोण रे, टिपणीस?" त्यांनी मुद्दाम विचारलं.

"आपली शाल्मली!"

ती मात्र मोजपट्टी घेऊन दारात पोचली होती. नोंदवहीत नवा रकाना आखलेला होता.

"काकू, शिडी काढा! घाटाची पलीकडची बाजू अजून कुणीच मोजलेली नाही."