पहिल्या सुराआधीची शांतता

जुने, उंची सीडी प्लेअर दुरुस्त करणं हा माझा धंदा. मोबाइलवर जगभरचं गाणं फुकट मिळत असताना लोक हे दोन हातांनीही जेमतेम उचलता येणारे डबे का जपतात, असं मला येता-जाता कुणीतरी विचारतं. आवाज हे कारण आहेच. पण खरं सांगू? लोकांना ती शांतता हवी असते. ट्रे संथपणे आत जातो, सीडी फिरू लागते, आणि पहिला सूर येण्याआधी क्षणभर खोलीत काही म्हणजे काहीच नसतं. स्वस्तातल्या यंत्रात तिथेही बारीक खरखर ऐकू येते. या यंत्रांत नाही.

ताईकडचा प्लेअर दाजींचा. फार जीव होता त्यांचा त्याच्यावर. धूळसुद्धा स्वतः पुसायचे. गेल्या वर्षी दम्यानं गेले. त्यानंतर काही महिन्यांनी ताईचा फोन आला.

"लेसर गेलाय वाटतं रे. अडखळतोय. लगेच ये."

"रविवारी बघतो गं."

"रविवारी नाही, आज. गाण्याचं मरू दे. गाण्याआधी हे खोकतात, ते आता तुटक येतंय."

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. यंत्राचं झाकण उघडलं की भुतं पळतात, असा आजवरचा अनुभव. तरी गेलो, कारण ताईला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. संध्याकाळचं ऊन अजून खिडकीत होतं. तिनं सीडी घातली, बटण दाबलं... आणि त्या शांततेत कुणीतरी खोकलं. पुरुषाचा कोरडा खोकला, तोंडावर मूठ धरून दाबलेला. मी गर्रकन मागे वळून पाहिलं. ताईचा चेहरा मात्र नवरा कामावरून सुखरूप घरी आल्यासारखा निवांत झाला होता.

"दुसरी सीडी लावून पाहिलीस?"

"सगळ्या लावल्या. सगळ्यांत आहेत."

लेसर खरंच संपत आला होता, आणि तसला आता कुठे बनत नाही. आमच्या धंद्यात त्यावर एकच इलाज : त्याच जातीचं बंद पडलेलं यंत्र शोधायचं आणि त्याचा लेसर काढून याला बसवायचा. भंगारवाल्याकडे तसं एक मिळालं. मोटार जळलेली, लेसर ठणठणीत. ताईला मी आधीच बजावलं, "लेसर बदलल्यावर खोकला येईलच असं नाही हं."

"त्यांना जाऊ देऊ नकोस रे," एवढंच ती म्हणाली.

मी लेसर बसवला, बटण दाबलं. खोकला आला, आधीपेक्षा स्वच्छ, अगदी शेजारून आल्यासारखा. आणि त्याच्यामागोमाग एका बाईचा दबका आवाज...

"श्श... गप."

ताईनं माझं मनगट घट्ट धरलं. "ही कोण?"

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला गाठून ते यंत्र विकणाऱ्या बाईंचा नंबर मिळवला. त्यांनी फोन उचलून "कोण?" म्हटलं. आवाज तोच. बाई चांगल्या जिवंत होत्या.

"तुमचा सीडी प्लेअर माझ्याकडे आलाय," मी म्हणालो. "एक विचारायचं होतं..."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"खोकतो ना? तोंडावर मूठ धरल्यासारखा?" बाई हळूच म्हणाल्या. "मी गप करायचे त्याला. ऐकायचा तेवढ्यापुरतं."

"तुमच्या घरातले... कुणी?"

"छे हो! आमच्यात कुणाला खोकलाच नव्हता. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तो त्यात आहे. आता माझ्या मुलाचंही लग्न झालं."

मी फोन ठेवला. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा दाजी धडधाकट होते, दम्याचा पत्ताही नव्हता. म्हणजे ताई रोज संध्याकाळी ज्याच्यासमोर बसत होती, ज्याला दिवसभराचं सांगत होती, तो...

तसाच उठलो. वाटेत ठरवलं, ताई रडली तरी चालेल, शिव्या घातल्या तरी चालेल, पण यंत्र उचलून आणायचं. बेल वाजवली. तिनं दार अर्धंच उघडलं. केस विंचरलेले, नवी साडी. इतकी खुशीत मी तिला वर्षभरात पाहिली नव्हती.

"अरे, आज खोकले नाहीत," ती म्हणाली. "आज चक्क मला नावानं हाक मारली!"

"ताई... मग तू काय केलंस?"

"काय करणार? ओ दिली."

मी आत जायला पाऊल उचललं, तशी ती दारात आडवी झाली. ओठांवर बोट ठेवून कुजबुजली, "हळू बोल. आत्ता कुठे झोप लागलीये त्यांना."