तीन हिसके

काम तसं साधंच होतं. आपल्या पुस्तकाची पहिली प्रत प्रीतमच्या आईच्या हातात द्यायची, रविवारच्या प्रकाशनाचं आमंत्रण करायचं आणि चहा होण्याआधी निघायचं. मे महिन्यातली बदलापूरची दुपार, पारा बेचाळीसच्या पुढे. मांजर्लीच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शहाणा माणूस संध्याकाळी गेला असता. पण संध्याकाळी शेजारीपाजारी येऊन बसतात, चार प्रश्न विचारतात, आणि सुजितला नेमके तेच नको होते.

कारण पुस्तकात पान एकशे बारावर एक वाक्य होतं, आणि ते खोटं होतं.

गोठलेल्या धबधब्यावर चढताना दोघं एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलेले असतात. पुढचा आधी वर जातो, बर्फात स्वतःला पक्कं बांधून घेतो आणि मागच्याचा दोर कडीत अडकवतो. वाऱ्यात हाक ऐकू येत नाही, म्हणून दोरानेच बोलायचं. पुढच्याने तीन हिसके दिले की 'ये, मी तुला धरलंय'. मागच्याने दोन दिले की 'निघालो'. गेल्या वर्षी जानेवारीत, हिमाचलातल्या स्पितीत, सुजित पुढे होता. ऊन उतरलं होतं, बोटं बधिर झाली होती, त्याला घाई झाली. त्याने हिसके आधी दिले आणि दोर अडकवायला नंतर घेतला. खालून लगेच दोन हिसके आले. बधिर बोटांना कडी उघडेना. तोवर प्रीतम अर्ध्यावर आला होता, आणि मग दोर सुजितच्या हातमोज्यांतून सरसर निघून गेला.

पुस्तकात त्याने लिहिलं होतं, 'मी इशारा देण्याआधीच प्रीतम निघाला.' छापखान्यातल्या माणसानेही ते वाचून हळहळ व्यक्त केली होती.

प्रीतमच्या आईने, सखूकाकीने, दार उघडलं. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, पंखा गरम हवा फिरवत होता. भिंतीला लागून प्रीतमची पुस्तकं होती, उल्हासनगरच्या रद्दीवाल्याकडून वर्षानुवर्षं किलोवर उचललेली. सगळी गिर्यारोहणाची. ज्या गावात गारा पडल्या तरी लोक पातेली घेऊन बाहेर धावतात, तिथल्या या पोराने बर्फ आधी पुस्तकात पाहिला आणि तिथेच तो वेडा झाला.

"उन्हाळ्यात मना वाचून दाखवायचा," काकी म्हणाली. "म्हणायचा, आई, ऐक, थंड वाटल. आनि खरंच वाटायचं रं."

सुजितने प्रत पुढे केली. काकीने ती उघडली नाही. मांडीवर ठेवून तिच्यावरून हात फिरवत राहिली.

"एक विचारू? ही पुस्तकं परत येनाराच लिवतो ना?"

"हो... म्हणजे, तसंच असतं, काकी."

"मंग जो नाय आला, त्याचं कोन लिवतं?"

सुजितला घाम फुटला. तो उकाड्याचाच होता अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

"सगळी म्हनतात प्रीतमने घाई केली," ती हळूच म्हणाली. "मेल्यावरबी पोराला बेफिकीर म्हनतात. तू व्हतास तिथं. खरं सांग. त्याने घाई केली?"

आता बोलायला हवं होतं. ती आई होती, खोलीत तिसरं कुणी नव्हतं, आणि एका वाक्याने तिच्या मुलाचं नाव धुऊन निघालं असतं. सुजितने तोंड उघडलं. त्याला पाचशे छापील प्रती आठवल्या, रविवारचं सभागृह आठवलं.

"केली थोडी," तो म्हणाला. "स्वभावच होता त्याचा."

काकीने मान डोलावली. रागावली नाही, रडली नाही. "बरं," म्हणाली आणि उठली. "कपडे बघून येते. बसतोस का येतोस?"

तो मागोमाग गेला, कारण एकट्याला त्या पुस्तकांसमोर बसवेना.

गॅलरीत कपडे वाळत घातले होते. निळ्या-पिवळ्या दोरावर. सुजितने तो दोर लगेच ओळखला. स्पितीहून प्रीतमच्या सामानाबरोबर त्यानेच तो आणून दिला होता.

"येवढा मजबूत दोर, टाकायचा कशाला," काकी म्हणाली. "पन याच्यावरचे कपडे काय वाळत नाय. पंधरा दिस झाले."

पंधरा दिवसांपूर्वीच पुस्तक छापायला गेलं होतं.

समोर रस्त्यावरचं डांबर उन्हाने मऊ झालं होतं. सुजितने टॉवेलला हात लावला आणि झटकन मागे घेतला. टॉवेल पापडासारखा ताठ होता. थंडगार. कोपऱ्यावर बारीक पांढरी बुरशी आल्यासारखं दिसत होतं, आणि त्याच्या बोटाखाली ते विरघळलं. नाकात एक वास शिरला, कोरडा, लोखंडासारखा. उंचावरच्या बर्फाचा. तो वास खाली मैदानात कधीच नसतो.

"आता बघ," काकी कुजबुजली. "याच टायमाला..."

वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. दोराला हिसका बसला. कपडे थरथरले. पुन्हा एक. मग तिसरा.

आणि सगळं स्तब्ध.

"रोज तीनदा," काकी म्हणाली. "तीनदा म्हंजे काय रं?"

"काही नाही... वाऱ्याने..."

"वारा हाय?"

"तीनदा म्हणजे... ये. मी तुला धरलंय."

काकीने दोराला हात लावून पाहिला.

"मंग ते माज्यासाठी नाय," ती म्हणाली. "मी कधी दोर बांधून कुठं गेले? नेहमी तू पुढं असायचास नि तो तुज्या मागं. आता तो पुढं गेलाय." तिने शांतपणे एक चिमटा काढला आणि ताठ टॉवेल खाली उतरवला. "जा बाला. उशीर व्हईल."

सुजित जिने कसा उतरला त्याचं त्यालाच कळलं नाही. घाबरला होता, सरळ सांगायचं तर पळाला. फाटकाशी एक रिक्षा उभी होती. तो आत कोसळला. "स्टेशन. चल लवकर."

रिक्षावाल्याने चावी फिरवली, आरशात पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

"साहेब, ते आधी आत घ्या ना. चाकात जाईल."

"काय?"

"तुमचा दोर. कमरेला बांधलाय तो. बाहेर लोंबतोय, बघा, पार बिल्डिंगपर्यंत गेलाय."

सुजितने खाली पाहिलं. कमरेला काही नव्हतं. फक्त शर्ट तेवढ्या पट्ट्यात ओला होता, आणि ओला भाग कडक होत चालला होता.

मग कमरेला हिसका बसला. एक. दोन. तीन.

त्याला ओरडायचं होतं. पण दोराला उत्तर द्यायची वीस वर्षांची सवय मनाला विचारत नाही. त्याचा हात आपोआप कमरेशी गेला, रिकाम्या हवेत काहीतरी घट्ट धरलं, आणि दोनदा ओढलं.