कोमट सॅमन

विनय माझा मावसभाऊ. कॅनबेरात गुंगालिनला राहतो, आयटीत आहे. थाप मारायची झाली तर आधी त्यालाच हसू फुटतं.

हे सांगताना तो एकदाही हसला नाही. म्हणून लिहितोय.

मागच्या जुलैतला शनिवार, म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा. दुपारचे दोन. कॅनबेरापासून अडीच तासांवरचं जिंडबाईनचं तळं.

तळं म्हणायचं, पण ते धरण आहे. जुनं गाव त्याच्या पोटात आहे.

बोट नचिकेतची, त्याच्या ऑफिसातल्या मित्राची. "थंडीत सॅमन तळाशी जातो," नचिकेत म्हणाला. "जड दोरी सोडायची, बोट अगदी हळू चालवायची. गळ तळापासून हातभर वर राहिला की झालं."

विनयने डब्यातला डाळिंब घातलेला दहीभात खाल्ला आणि रॉड हातात घेतला.

थोड्या वेळाने पक्षी गप्प झाले. वाराही पडला.

मग रॉडच्या मुठीत काहीतरी जाणवलं... हिसका नव्हता.

चावणं होतं. सावकाश. दात नसलेलं माणूस घास तोंडात घोळवतं तसं.

"तळाला घासतंय रे. रिलॅक्स," नचिकेत म्हणाला.

विनयने रॉडला कान लावला.

मचमच... मचमच... आणि मग गिळल्याचा आवाज.

त्याने घाईघाईने दोरी गुंडाळली. सॅमन वर आला. चांगला हातभर लांब. जराही तडफडला नाही.

पाणी बर्फासारखं होतं. मासा मात्र कोमट... ताप आलेल्या माणसाच्या पोटासारखा. विनयने हात झटकन मागे घेतला.

"सोडून देऊ या."

"एवढा मासा? वेडा आहेस का तू?"

किनाऱ्यावर मासे साफ करायचं टेबल होतं. नचिकेतने तिथे सॅमनचं पोट चिरलं.

आंबूस वाफ आली... ओकारीची.

आत भात होता. दह्यातला, चावलेला. डाळिंबाचे दाणे अर्धवट फुटलेले.

"अरे, हा तर तुझा..." म्हणत नचिकेत बाजूला वळला आणि भडाभडा ओकला.

त्या लगद्यात एक दाढ होती. चांदी भरलेली.

विनयची जीभ आपसूक उजवीकडे गेली, खालच्या दाढेकडे.

तिथे नुसती हिरडी होती. रक्त नाही. दुखणं नाही.

दोघांनी सगळं पाण्यात लोटून दिलं.

सोमवारी डेंटिस्टने फाइलमधून जुना एक्स-रे काढून पाहिला. वर्षापूर्वी दाढ होती, चांदीसकट.

"पण ही जागा भरून येऊन निदान दहा वर्षं झालीत," ती म्हणाली. मग तिने फाइलवरचं नाव दोनदा तपासलं.

आता विनय कोणासमोर जेवत नाही. गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा मयूरावहिनीने त्याचं ताट आत नेऊन दिलं. मी आत गेलो. विचारायची इच्छा नव्हती, तरी विचारलं.

"उजवीकडे घास नेत नाही मी," तो म्हणाला. "नेला की... मी चावायच्या आधीच तो मऊ झालेला असतो."