उलटी लव

“हे कोणी कापलं?”

नोरीन दारातच थबकली होती. कोट अंगावर तसाच, बुटांचा बर्फ वितळून पायपुसण्यावर ओघळत होता... आणि नजर खिळली होती जेवणाच्या टेबलावर, जिथे तिच्या लग्नाच्या झग्याच्या पुढच्या दोन कळ्या, घेराचे उभे तुकडे, शेजारी शेजारी पसरल्या होत्या. अंगणातल्या बर्फावरून उसळलेला उजेड खिडकीतून आत येत होता आणि त्या निर्दय उजेडात डावी कळी दुधासारखी शुभ्र दिसत होती. उजवी मात्र शिळ्या लोण्यासारखी, पिवळट, काळवंडलेली! एकाच तुकड्यातली मखमल, आणि जणू दोन दुकानांतून आणलेली.

मिनेसोटातल्या त्या गावात मुली अक्षरं गिरवायच्या आधी टाचणी धरायला शिकतात. काय झालंय ते तिथे कुणाला सांगावं लागत नाही. मखमलीची लव एका अंगाला निजलेली असते. पॅटर्नचे, म्हणजे बेताच्या छापील आकृत्यांचे, सगळे कागद एकाच दिशेने ठेवून कापायचे असतात. त्यातला एखादा जरी डोक्यावर उभा केला तर तो भाग वेगळ्याच रंगाचा दिसतो, आणि मग जगातली कुठलीही इस्त्री, कुठलीही प्रार्थना त्याला सुधारू शकत नाही. उजवी कळी उलटी कापली गेली होती.

टेबलापाशी दोघीजणी होत्या. एक थोरा, नोरीनच्या मेलेल्या आईची आई, लग्नापर्यंत मुक्कामाला आलेली. मनगटावर टाचण्यांची गादी बांधून खुर्चीत ताठ बसलेली. दुसरी मार्लिस, नोरीनची सावत्र आई. गळ्यात मोजपट्टी, हात रिकामे.

मार्लिसने थोराकडे पाहिलं. म्हातारी मनगटावरच्या टाचण्यांची रंगीत डोकी एकेक करून चाचपत होती...

“मी कापलं,” मार्लिस म्हणाली. “आजी दमली होती. म्हटलं, तेवढं उरकून टाकावं.”

खोटं होतं ते. सपशेल खोटं!

खरं एवढंच होतं की मार्लिस सकाळपासून चर्चच्या तळघरात कुणाच्या तरी अंत्यविधीच्या जेवणाला हॉटडिश नावाच्या भाजलेल्या पदार्थाची भांडी घासत होती, आणि परत येऊन पाहते तो कात्री चाललेली होती. तिने पॅटर्नचं पाकीट उलटून मागची बाजू वाचली. पाकिटामागे किती कापड लागेल ते सांगणाऱ्या दोन ओळी असतात. एक साध्या कापडाची. दुसरी लव असलेल्या कापडाची, आणि तिला कापड जास्त लागतं. पेन्सिलीची खूण होती साध्या कापडाच्या ओळीवर. ती खूण इलेनची होती. नोरीनच्या जन्मदात्या आईची.

आजारपणातल्या शेवटच्या शरदात इलेन बसने शहरात गेली होती. पॅटर्नचं पाकीट, मखमल, दोरा, चेन असं सगळं एका पिशवीत घालून तिने ते थोराच्या हाती ठेवलं होतं. पोरगी माझ्याच अंगकाठीची होणार, म्हणाली होती, लग्नात तिला हा झगा शिव. नोरीन तेव्हा पहिलीत होती. पिशवी इतकी वर्षं थोराच्या पेटीत देवासारखी राहिली, तिच्यातला कागद कारखान्यातल्या घड्यांसकट तसाच... आणि कापड मुळातच अपुरं आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. आज माहीत झालं ते थोराला. सगळ्या कळ्या एका दिशेने ठेवल्या तर एक बसेना; ती फिरवली की बसत होती. मार्लिससमोर, त्या परक्या बाईसमोर, आपल्या इलेनची चूक कबूल करण्यापेक्षा म्हातारीने कळी फिरवली!

मार्लिसला हे सगळं त्या एका क्षणात समजलं, आणि दुसऱ्या क्षणात तिने ते गिळलं.

“मी एकच गोष्ट मागितली होती,” नोरीन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही; चढला असता तर बरं झालं असतं. “कापेल आजी. तू फक्त शिव. माझ्या आईचं म्हणून या घरात जे काही उरलंय, त्याला तुझा हात लागल्याशिवाय तुला चैन पडत नाही का, मार्लिस?”

मार्लिसच. नेहमीच मार्लिस. आई हा शब्द त्या घरात कपाटावरच्या इलेनच्या फोटोसाठी राखून ठेवला होता. शाळेतल्या झग्यांपासून बँकेतल्या नोकरीच्या सुटापर्यंत नोरीनच्या अंगावरचं प्रत्येक कापड मार्लिसने बेतलं. ते पातळ, करकरणारे कागद कोमट इस्त्रीने सरळ केले, पोर उंच झाली की कागद मधोमध कापून त्यात पट्टी जोडली, खांदे भरले की खांद्यात जोडली... इतकं की नोरीनच्या वाढीचा एकूणएक वळसा त्या बाईच्या बोटांना पाठ होता. त्याचं काय? सावत्र आई खपते तेव्हा त्याला कर्तव्य म्हणतात. आणि तिची एक चूक झाली की त्याला स्वभाव म्हणतात. सख्खीने कापड नासलं असतं तर त्याची घरात आयुष्यभर गंमत झाली असती!

“चर्चमध्ये पहिल्या बाकावर बाबांच्या शेजारची जागा रिकामी राहील,” नोरीन म्हणाली. “तिथे मी आईसाठी फूल ठेवणार आहे. तू मागे कुठेतरी बस. नाही आलीस तरी चालेल.”

आणि व्हर्नन? मुलीचा बाप, बायकोचा नवरा? तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सगळं ऐकत होता. मोटारीची बॅटरी गारठली असेल, जरा बघून येतो, असं म्हणून तो गॅरेजमध्ये गेला आणि अंधार पडेपर्यंत बॅटरी बघत राहिला.

नोरीन वरून बॅग भरून नवऱ्याच्या, म्हणजे होणाऱ्या नवऱ्याच्या, रॉडनीच्या घरी निघून गेली. दार आपटलं. खोलीत दोघी उरल्या.

“तुम्हाला मधे पडायला कोणी सांगितलं होतं?” थोरा खेकसली.

“कापड अपुरं आहे, मिसेस ल्युंड. तुम्हाला कळलं होतं.”

“माझ्या इलेनने अपुरं आणलं, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“मी काहीच म्हणत नाही,” मार्लिस म्हणाली, आणि पॅटर्नचं पाकीट तिने एप्रनच्या खिशात सरकवलं.

पुढचे दिवस कसे गेले ते मार्लिसलाच ठाऊक. गाव लहान, तळं गोठलेलं, माणसांना कामं नाहीत. मार्लिस कामाला होती त्या कॅफेत, कॉफीच्या टेबलांवर दुसरा विषय नव्हता. मार्लिसचा हात चुकला म्हणे, असं एकीने म्हणावं, आणि दुसरीने बिस्कीट कॉफीत बुडवत उत्तर द्यावं की तिचा हात चुकत नाही गं, तो बरोबर हवा तिथेच पडला. रॉडनीच्या आईने तर दुकानातला नायलॉनच्या लेसचा झगा बघूनही ठेवला होता. मार्लिस सगळं ऐकत होती, काउंटर पुसत होती, आणि खिशातलं ते पाकीट रोज एका एप्रनमधून दुसऱ्यात हलवत होती. फोन उचलायचा आणि एक वाक्य बोलायचं, की सुटका! किती वेळा तिचा हात फोनपर्यंत गेला... पण त्या वाक्यात इलेन पुन्हा एकदा मरणार होती, आणि म्हातारी जिवंतपणी. थोराला आता धड दिसत नाही, हे मार्लिसने कधीच ओळखलं होतं. म्हातारी कपात दूध ओतताना कडेला बोट लावायची, बायबलची पानं उलटायची पण डोळे हलायचे नाहीत.

थोरा मात्र जेवणाच्या टेबलावर मार्लिसने वाढलेलं खायची आणि मान वर करायची नाही.

रविवारी दुपारी चर्चनंतर नोरीन आली. मखमल न्यायला आलेय, म्हणाली. शिवायची नाही, नुसती आईची आठवण म्हणून ठेवायची. मार्लिस पुढे झाली तशी तिने हात आडवा केला आणि एकटीच त्या दोन कळ्या कागदात गुंडाळायला लागली.

गुंडाळता गुंडाळता तिचं बोट कडेवर अडकलं.

पॅटर्नच्या कडेला छोटे त्रिकोण छापलेले असतात. दोन भाग शिवताना खुणेला खूण जुळावी म्हणून तिथे खाच करायची. बहुतेक बायका तिथे आत कात्रीचं टोक मारून मोकळ्या होतात. मार्लिस तसं कधीच करत नाही. ती त्रिकोण कडेच्या बाहेर सोडून कापते, कितीही घाई असो. बोट अडकलं तिथे नोरीनने कड उजेडात धरली. मग दुसरी खाच पाहिली. मग दुसऱ्या कळीची...

मग तिने कळी मार्लिससमोर धरली.

“मार्लिस, या खाचा आत मारल्यात.”

“घाईत झालं असेल.”

“घाईत?” नोरीनने कळी टेबलावर टाकली. “जत्रेतल्या स्पर्धेसाठी मी पहिला एप्रन कापला तेव्हा मी एक खाच आत मारली होती. एकच! तू सगळं कापड बाजूला काढलंस आणि मी रडेपर्यंत पुन्हा कापायला लावलंस. म्हणालीस, उद्या अंग भरलं, शिवण उसवायची वेळ आली, तर आत माया शिल्लक हवी. तू आत खाच मारतेस? तू?”

मार्लिसने तोंड उघडलं. पण खुर्चीतून आवाज आला.

“पुरे. मी कापलं.”

थोरा उठून उभी राहिली होती. टेबलाची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती.

“कापड पुरत नव्हतं, पोरी. तुझ्या आईने पाकिटावरची चुकीची ओळ वाचली. मी कळी फिरवली. वाटलं, कुणाला कळणार नाही. खिडकीत धरून पाहिली, तर मला दोन्ही सारख्याच दिसल्या...” ती थांबली. “मला आता सगळंच सारखं दिसतं.”

“आणि तू गप्प बसलीस, आजी?”

“बसले. ही ‘मी कापलं’ म्हणाली आणि मला बरं वाटलं. देवाने मला शिक्षा करावी, पण बरं वाटलं. माझ्या मुलीच्या जागी आलेल्या बाईचा एकदाचा दोष निघाला, म्हणून बरं वाटलं!”

नोरीन मार्लिसकडे वळली. “मग तू का म्हणालीस, मी कापलं?”

“तुझ्याकडे तिचं एवढंच तर होतं,” मार्लिस हळूच म्हणाली. “ते अपुरं आहे, असं मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? आणि माझ्या तोंडून आलं असतं, तर तू ऐकलं असतंस?”

नोरीनने मान खाली घातली. नसतंच ऐकलं... ती दोघींनाही ठाऊक असलेली गोष्ट होती.

मग तिने हात पुढे केला. मार्लिसने एप्रनच्या खिशातून पाकीट काढून त्यावर ठेवलं. चुरगळलेलं, कडा मऊ झालेल्या... आणि मागे, साध्या कापडाच्या ओळीवर, घाईघाईने मारलेली ती वाकडी खूण. नोरीनने त्या खुणेवरून अंगठा फिरवला.

“ती चुकायची?” तिने विचारलं. लहान मुलीसारखं विचारलं.

“सतत,” थोरा म्हणाली. “एकदा दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या तिने. उसवायचा कंटाळा. तशाच जोडल्या आणि ते घालून नाचायला गेली. रात्रभर एक हात कमरेवर ठेवून नाचली म्हणे, म्हणजे कळायला नको.”

नोरीन हसली. हसता हसता तिचा बांध फुटला आणि ती मटकन खुर्चीत बसून हुंदके देऊ लागली. इतकी वर्षं कपाटावरच्या फोटोत एक निर्दोष बाई बसवून ठेवली होती सगळ्यांनी; तिच्यासमोर नीट श्वाससुद्धा घेता येत नव्हता. आज पहिल्यांदाच कुणीतरी तिला आई आणून दिली होती... धांदरट, घाईची, बस सुटेल म्हणून पळणारी.

मार्लिस तिच्या पाठीवर हात ठेवू की नको, असं करत उभी राहिली. नोरीननेच तो हात ओढून आपल्या गालाशी धरला.

“माफ कर” ती म्हणाली नाही. म्हणाली, “कात्री कुठंय?”

“आता काय कापणार? कापड पुरायचं नाही.”

“पुरेल. आईच्या ओळीने कापू. एक कळी सरळ, एक उलटी, पुन्हा सरळ, पुन्हा उलटी... सगळा झगा असाच.”

मार्लिसने उरलेली मखमल टेबलभर पसरली आणि एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी असे कागद मांडत गेली. सगळे बसले. शेवटचा कागद कडेशी कड लावून नेमका बसला, आणि तिने सुटकेचा श्वास टाकला. चुकीच्या ओळीला कापड बरोब्बर पुरत होतं!

“दुधाचा एक पट्टा, लोण्याचा एक पट्टा,” ती म्हणाली. “लोक हसतील गं.”

“रॉडनीची आई तर हसेलच. ती लेसच्या झग्यावर हसली नाही, हेच नवल.”

मार्लिसने कात्री तिच्याकडे सरकवली. नोरीनने कापायला घेतलं. आणि पहिला त्रिकोण आला तिथे थांबून, अगदी सावकाश, तो बाहेर सोडून वळसा घेतला.

थोरा पलीकडे धागा-सुई घेऊन बसली होती. धाग्याचं टोक ओठांत ओलं करायची, नेढ्याशी न्यायची, पुन्हा ओलं करायची. आजवर त्या सुईला तिने कुणाला हात लावू दिला नव्हता. शेवटी तिने ती समोर धरली, हवेतच, माणूस कुठे आहे ते नक्की न कळून.

“मार्लिस,” ती म्हणाली, “ओवून दे गं. आणि चर्चमध्ये पुढच्या बाकावर माझ्या शेजारी बस. पोरगी कशी दिसते, ते मला कुणी सांगायचं?”

मार्लिसने सुई घेतली. धागा नेढ्याशी नेला... आणि तिलाही ते दिसेना. डोळ्यांत इतकं पाणी दाटलं होतं की सुई, धागा, बोटं, सगळं एकाच रंगाचं झालं होतं.

नोरीनने कात्री खाली ठेवली, तिच्या हातातून सुई घेतली, आणि ओवून दिली.