थांबवलेलं चित्र

दिवेलागणीला टीव्ही बंद, हा माझ्या सासूबाईंचा, तानाबाईंचा, नियम. बुद्धाच्या मूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लागायची, उदबत्तीचा धूर खिडकीकडे वळायचा, आणि वंदना संपेपर्यंत घरात दुसरा आवाज चालायचा नाही. पंचाईत अशी, की त्यांची लाडकी मालिकाही नेमकी त्याच वेळी. दोन्हींवर त्यांचा सारखाच जीव. जोडीला लोडशेडिंग होतंच.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात विवेकने, माझ्या नवऱ्याने, त्यावर तोड काढली. इन्व्हर्टर बसवला, आणि रेकॉर्डिंग करणारी नवी पेटी आणली. चालू कार्यक्रम बटण दाबून थांबवायचा, वंदना करायची, परत बटण दाबायचं, की चित्र जिथे होतं तिथूनच पुढे.

"म्हणजे थे बाई तशीच उभी राहीन? माह्यासाठी?" आईंनी विचारलं.

"तुझ्यासाठीच. अन् पदरही ढळणार नाई तिचा," विवेक म्हणाला.

आई जात्यावर वाढलेल्या. दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता त्यांनी ओवीच जुळवली:

काळी पेटी घरामंदी, तिच्या पोटात बोलनं,
सांजच्या दिव्यासाठी, तिले शिकवलं थांबनं.

वर्ध्यातलं आमचं घर जोडघर होतं. मधली भिंत एका विटेची, पलीकडे कवडूभाऊंचं बिऱ्हाड. मालिका दोन्ही घरांत तीच, पण आम्ही वंदनेपुरते मागे. त्यामुळे भिंतीतून आधी पुढचं ऐकू यायचं, मग आमच्याकडे दिसायचं. पलीकडे मालिकेतली सून रडली, की आई सांगायच्या, "आता रडते पाहा." आणि सून रडायची.

"कवडूभाऊ आपल्यापेक्षा अर्ध्या तासानं म्हातारे आहेत," विवेक हसायचा.

पोळ्यानंतर कवडूभाऊ रिटायर झाले आणि नाचणगावला, आपल्या गावी, कायमचे राहायला गेले. जाताना आईंच्या पाया पडले, दाराला कुलूप लावलं. मी स्वतः पाहिलं, मीटरही बंद करून घेतलं होतं.

त्या संध्याकाळी वंदना आटोपली, मी बटण दाबलं, आणि भिंतीतून मालिकेतलं पुढचं बोलणं ऐकू आलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आवाज विटांतून, पाइपांतून कुठूनही येतो, हे मी मुलांना सांगते. तेच स्वतःला सांगितलं. मागच्या गल्लीत कुणाचा तरी टीव्ही असेल. आईंनी खाट भिंतीपासून वीतभर ओढून घेतली.

मग एकदा भिंतीत भांडं पडलं. पितळेचं असावं; गोल गोल फिरत निवलं. पाठोपाठ बाईचा आवाज आला, "सांडलं नं वं सारं." आम्ही एकमेकींकडे पाहिलं. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात आईंच्या हातून वरणाचं भगुणं निसटलं. ते गोल गोल फिरत निवलं. आई वाकल्या आणि म्हणाल्या, "सांडलं नं वं सारं."

म्हटल्यावर त्यांनी तोंडावर पदर धरला.

रात्री मी विवेकला सांगितलं. तो म्हणाला, "दोघी मिळून भुताची मालिका काढा. मी पाहीन." पण झोपताना त्याने भिंतीला कान लावला होता.

आश्विनात एका संध्याकाळी तो पुलगावच्या त्याच्या बँकेतून निघायला उशीर होईल म्हणाला होता. रोज मोटारसायकलनेच यायचा, देवळीवरून. दिवेलागण झाली. मी मालिका थांबवली. पडद्यावर सून दाराच्या कडीकडे हात नेत होती. हात तसाच राहिला. आईंनी मेणबत्ती लावली. आम्ही दोघी बसलो. वंदना अर्ध्यावर आली होती.

भिंतीत फोन वाजला.

आमचा फोन माझ्या हाताशी होता. तो गप्प होता. पलीकडे कुणीतरी धावत गेलं. चपलेचा तोच फटफट आवाज, जो माझ्या चपलेचा येतो.

"हॅलो. हो, मी त्यांची मिसेस. काय? देवळीच्या अलीकडे? नाही, ते तर... नाही."

तो आवाज माझा होता.

त्यानंतर जे ऐकू आलं, तसं मी तोवर आयुष्यात कधी रडले नव्हते.

आईंचे हात जोडलेलेच होते. ओठ हलायचे थांबले. मेणबत्ती सरळ जळत होती. मी विवेकचा मोबाईल लावला. रिंग नाही, बाईचं रेकॉर्डिंग नाही, खरखर नाही. नुसतं खोल काहीतरी, विहिरीत कान घातल्यासारखं.

आईंनी रिमोटकडे हात नेला. "बंद कर थे. बंद कर पयले."

मी त्यांचं मनगट धरलं. सासूचं मनगट धरण्याची ती पहिलीच वेळ. "आई, नका. आपण मागे आहोत. जोवर हे थांबलंय, तोवर आपण मागे आहोत."

त्यांना समजलं. विज्ञान शिकवणारी मी ते बोलले, आणि त्यांना लगेच समजलं.

पेटीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं, की फार वेळ थांबवून ठेवलं तर पेटी आपोआप पुढे सुरू होते.

आम्ही पाहत बसलो. सून कडीकडे हात नेऊन उभी.

पेटी सुरू झाली नाही.

वीज गेली. अंधारात इन्व्हर्टर टक् करून लागला. चित्र हललं नाही.

फोन वाजला नाही.

विवेकही आला नाही.

तेव्हा मला कळलं, मी काय थांबवलंय. फोन येणार नव्हता, पण तोही येणार नव्हता. आईंनी माझ्याआधी ओळखलं असावं. त्या पडद्याकडे पाहत पुटपुटल्या, "माह्यं पोरगं रस्त्यातच ठेवू नको वं."

बटणावर माझा अंगठा होता. दाबला असता तर.

फाटकाची कडी वाजली.

"काऊन वं, अंधारात काऊन बसल्या दोघी?"

विवेक दारात उभा. शर्टाची इस्त्री सकाळची, तशीच. आई उठल्या, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली. मी त्याच्या छातीशी गेले. घामाचा, धुळीचा, पेट्रोलचा, कसलाच वास नव्हता.

मी बाहेर डोकावले. अंगण रिकामं होतं.

"अहो, गाडी?"

"गाडी मागून येऊन राह्यली," तो म्हणाला आणि खुर्चीवर बसला. मग रिमोटकडे हात केला. "लावा नं, थांबवून काऊन ठेवलं?"

आईंनी रिमोट झडप घालून उचलला आणि कमरेच्या बटव्यात खोचला. "राहू दे. मले नाई पाहाची."

आता फाल्गुन लागला आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मी पाणी कमी पडू देत नाही. पडद्यावरची धूळ पुसताना चुकून बटण दाबलं जाईल, म्हणून पुसत नाही. त्या सुनेचा चेहरा आता नीट दिसत नाही. आमचा फोन तेव्हापासून वाजलेला नाही. बँकेतून कुणी विचारायला आलेलं नाही. विवेक खुर्चीवर असतो. ताट पुढे ठेवलं की म्हणतो, "जेवतो नं, घाई काय हाये." रविवारी आई त्याचा हात मांडीवर घेतात, नखं कापायला. थोडा वेळ बोटं पाहतात आणि नेलकटर ठेवून देतात. कापायला काही नसतं.

आई सांजेला मेणबत्ती लावतात, पण हात जोडत नाहीत. सारं उपजतं आणि सारं मावळतं, हे त्यांनी जन्मभर म्हटलं. आता तोंडातून निघत नाही म्हणतात.

भिंत मात्र चालू आहे.

पलीकडे मी खूप दिवस रडले. मग बायका येत, हळू बोलत. मग नुसती भांडी, नळ, सकाळी शाळेची घाई. एकदा कुणीतरी खुर्ची उचलून नेली. पाय फरशीवर घासले. मी इकडे बसून ऐकत असते. तिच्याकडे दिवस उगवतात, आमच्याकडे ती एकच संध्याकाळ.

काल संध्याकाळी पलीकडे कुणीतरी काही गमतीचं बोललं असावं. शब्द कळले नाहीत. त्यावर ती हसली. आधी दबून, मग मोकळी.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराने तोंड झाकलं, जणू माझीच चूक.

इतक्या दिवसांत विवेक खुर्चीवरून वळला नव्हता. काल वळला. भिंतीकडे पाहून, अगदी पूर्वीसारखा, समाधानाने म्हणाला,

"किती दिवसांनी हसली तू."