हात न पोचणारा कप्पा

मे महिन्यात नर्मदेचा फुगवटा ओसरला, तशी दवाखान्याची बोट धडगाव तालुक्याच्या काठावर ओढून घेतली होती. अकरा वर्षांपूर्वी तिचा आराखडा प्रतिभानं काढला होता. सारंगखेड्याच्या शेतकरी घरातली मुलगी लोखंडी बोटी बांधायला निघाली, तेव्हा गावानं तिची यथेच्छ थट्टा केली. पण ती कामात भारी हट्टी. बोटीच्या पोटात माणसाचा हात पोचणार नाही अशी जागा ठेवायचीच नाही, असं ती सगळ्यांना बजावायची. हात पोचला नाही तर रंग पोचत नाही. गंज मात्र बिनबोभाट पोचतो.

आणि तिनंच घाईत मागच्या टोकाचा एक कप्पा चहूबाजूंनी बंद करून टाकला होता. ना झाकण, ना भोक.

तिथला पत्रा गंजून अर्ध्या जाडीवर आला असेल, तर बोट भंगारात जाणार होती. मग काठावरच्या पाड्यांना दवाखाना उरणार नव्हता. बोटीची निगा राखणाऱ्या वाहरूच्या मुलीला, रिनाला, नववा लागला होता.

"तेव्हाच सांगितलं होतं ना तुला, ताई," वाहरू म्हणाला. "इथे माणूस कसा जाईल?"

"मन्हीच चूक शे," प्रतिभाच्या तोंडून घरची बोली निसटली.

सकाळभर दोघांनी बाकीचे कप्पे तपासले. वाहरूला लिहिता येत नव्हतं. दरवर्षी कप्पा खरवडून रंगवला की तो लाल रंगाचा एक पंजा भिंतीवर उमटवायचा. तीच त्याची सही. पत्रा सगळीकडे सहा मिलिमीटरवरून पाचवर आला होता.

बंद कप्प्यावर बाहेरून जाडी मोजायचं यंत्र लावलं. सहा.

तिनं दुसरं यंत्र आणलं. त्यानंही सहाच दाखवले.

शेवटी वाहरूनं पत्रा कापला. बंद जागेतली हवा घातक असते, म्हणून तासभर पंखा लावून ठेवला. मग प्रतिभानं टॉर्च घेऊन आत डोकं घातलं.

कप्पा रिकामा होता. गंजाचा कणही नव्हता. कोपरा न् कोपरा खरवडून लाल रंग दिलेला होता, थरावर थर.

भिंतीवर पंजे होते. अकरा.

पहिला तान्ह्या बाळाचा. दुसरा जरासा मोठा. असे वाढत गेलेले.

अकरावा तिच्या तळहाताएवढा होता. तिनं बोट लावलं. रंग ओला होता.

तिला भीती वाटायला हवी होती, पण तिचा ऊर भरून आला. ती जी जागा विसरली, ती कुणीतरी सांभाळली होती.

"कोण असेल, वाहरूभाऊ?"

वाहरूनं आत पाहिलं आणि पायातल्या चपला काढल्या. "विचारू नको, ताई. बोट वाचली ना?"

दुपारी कापलेल्या जागी दार बसवलं. मूठ दोन्ही बाजूंनी, एकाच दांड्यावर; आतली फिरवली की बाहेरचीही फिरायची. कुणी आत अडकू नये म्हणून हा तिचाच नियम होता. तिनं दार लावून मूठ घट्ट फिरवली आणि दोघं मागे सरकली.

बाहेरची मूठ आपोआप हळूच फिरली, आणि परत जागेवर आली. नवं काम नीट बसलंय का, ते कुणी तपासून पाहावं तशी.